'मनिषा'चं फायनल मिक्सिंग

३ जानेवारी १९९७
आजपासून मी संदेश नाही, सँडी. मराठी पॉपचा पहिला स्टार इंदापुरातून निघणार. पुण्यामुंबईच्यांनी बघत बसावं. अल्बमची सगळी गाणी डोक्यात तयार. पहिलं 'मनिषा'. मागच्या गल्लीतल्या मनिषासाठीच आहे. तिला स्थळं बघतायत, त्याआधी कॅसेट बाजारात हवी. तिच्याशी अजून बोललेलो नाही. गरज नाही. गाणं ऐकलं की ती नाही म्हणूच शकणार नाही.

११ जानेवारी
स्टुडिओ बुक! स्टँडामागे सर्जेरावांचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान, त्याची मागची खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, आवाज घुमत नाही. कॅसिओवर डिस्कोचं बटण दाबलं आणि अंगावर काटा आला. मध्येच स्टँडवरची 'भिगवणमार्गे बारामती' अशी घोषणा टेपमध्ये शिरली. सर्जेराव म्हणाले परत घेऊ. मी म्हणालो, राहू द्या. लोकल टच.

२६ जानेवारी
डिस्को जरा थिल्लर वाटतो. स्पीड कमी केला. आता दर्दभरं झालंय. माझ्या आवाजाला दर्दच सूट होतो. आबा म्हणाले, डाळिंबाला पाणी कोण देनार, तुजा कॅसिओ? कलाकाराच्या घरी हे असंच चालायचं.

९ फेब्रुवारी
क्रांतिकारक बदल. सर्जेराव म्हणाले, पोरीचं नाव काढा, तिचा भाऊ हितंच येतोय फोटो काढायला, तुमी मार खाल आन् माजं दुकान फुटंल. मी घाबरलो नाही. पण 'मनिषा'पेक्षा 'ला ला ला' जास्त इंटरनॅशनल वाटतं. तिला बरोबर कळेल.

२ मार्च
बारामतीला एका कॅसेट एजंटला ऐकवलं. म्हणाला, ती गाडीची घोषणा लई क्लिअर आलीय. इंडस्ट्रीतली माणसं बारीक ऐकतात. मग कॅसेट काढून माझ्या हातात दिली. विचार करत असणार.

२० मार्च
मनिषाचं जमलं. मुलगा बारामतीचा, बँकेत आहे. फार वाईट वाटलं. पण लग्नाला अजून वेळ आहे. उद्यापासून पहाटे रियाज.

२१ मार्च
घसा बसला.

४ मे
लग्न झालं. जेवलो नाही. म्हणजे मठ्ठा घेतला, आणि दोन जिलब्या.

१२ मे
हरलो असं कोण म्हणतं? शूटिंग सर्जेरावांचंच होतं. पंगतीच्या सीनखाली त्यांनी आपलं गाणं टाकलंय. म्हणाले, दुसरं रिकामं काय न्हवतंच. म्हणजे रिलीजच की! आणि थेट तिच्या घरात. रविवारी अख्ख्या गल्लीला व्हिडिओ दाखवणार आहेत. तिच्या भावानं मला खास बोलावलंय. खुर्च्या लावायला लवकर ये म्हणाला.

१८ मे
खोली गच्च भरलेली. मनिषा माहेरी आलेली, शेजारी नवरा. पंगत सुरू झाली, गाणं सुरू झालं. 'ला ला ला' आलं तशी तिनं थेट माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, दादा, आवाज जरा बारीक करा की, कोन तरी मदीच रडतंय.
टीव्हीजवळ मीच होतो. केला.