कानाचा रकाना

५ फेब्रुवारी १९५५, शनिवार. जालना.
आज शाळेत स्वच्छता तपासणी. नखं, केस, दात, कान. चौथीच्या गोदावरीच्या नावापुढे ‘कान – मळ’ लिहिलं आणि तिला वर्गासमोर उभं केलं. मान खाली घालून उभी राहिली. बावीस वर्षं हेच करते आहे.
रात्री मासिकासाठी लिहिते आहे ती गोष्ट पुढे सरकली नाही. दोन ओळी लिहून खोडल्या.

८ फेब्रु., मंगळ.
गोदा आली ती डाव्या कानात कापूस घालून. काढला तर पू. अंग तापलेलं. रविवारी तिच्या आईनं केसांच्या आकड्यानं कान खरडले.
“बाईंनी वहीत लिहिलं, म्हणली माय. लख्ख करते म्हणली.”
शाळा सुटल्यावर डॉक्टरांकडे नेलं. हैदराबादेत शिकलेले, फटकळ.
“कान साफ करायला कुणी सांगितलं?”
मी म्हटलं, मी.
मग म्हणाले, तो मळ चिकट असतो, धूळ-जंतू त्यात अडकतात, आणि तो आपला आपण बाहेर येतो. “तुम्ही चौकीदारच हाकलून दिलात, बाई.” पडद्याला भोक पडलंय. पेनिसिलिन, रोज एक सुई, पाच दिवस. त्या कानानं ऐकू किती येईल, आत्ता सांगता येत नाही.
सुई टोचताना गोदानं हात धरला. माझाच.

१० फेब्रु., गुरु.
तिसरी सुई. ताप उतरला, ठणका नाही. संध्याकाळी तिचे वडील दाराशी. जिनिंगमधून थेट, मिशांवर कापसाचे तंतू.
“दुखायचं थांबलं न बाई, मंग आता सुया कायला? पोरगी भेऊन राह्यली.”
सांगितलं, अर्ध्यावर सोडलं तर उरलेले जंतू उलटतात, कान जाईल.
“तुम्ही लिहिलं म्हणून तर तिच्या मायनं खरडलं.”
खरं आहे. म्हटलं, म्हणूनच मी नेणार. रोज.


११ फेब्रु., शुक्र.
गोदा शाळेत नाही. घरी गेले. चुलीवर पळीत लसणाचं तेल कढत होतं. आई ओशाळली.
“जरासंच घालते, बाई. आमच्यात समद्याईच्या कानात घालतेत.”
गोदाच्या कानावर मी तळहात ठेवला. म्हटलं, आधी माझ्या हातावर ओता.
पळी खाली ठेवली तिनं. मग हसलीच. “लई हट्टी हाव तुम्ही.”
चौथी सुई झाली.

१२ फेब्रु., शनि.
पाचवी, शेवटची. सकाळी तपासणी. मुलींना सांगितलं: कान बाहेरून ओल्या फडक्यानं पुसायचा. आत आकडा नाही, काडी नाही, तेल नाही. एकीनं विचारलं, “बाई, करंगळी?” करंगळीही नाही.
कानाचा रकाना सगळ्यांचा कोरा ठेवला. मोठ्या बाईंनी बोलावून वही पुढे सरकवली. मुख्याध्यापिका आहेत, बोलतातही तशाच.
“भरा. तपासनीस येणार आहेत.”
“नाही भरणार.”
“लोक म्हणतील, इथे घाण राहायला शिकवतात.”
“म्हणू देत.”
सोमवारी लेखी खुलासा द्यायचा आहे.

१३ फेब्रु., रवि.
पू थांबला. भोक भरेल कदाचित, महिन्यानं बघू, म्हणाले डॉक्टर. तोवर कानात पाणी जाऊ द्यायचं नाही.
बाहेर आल्यावर गोदा म्हणाली, “येतं बाई ऐकू. बराबर येतं.” मला बरं वाटावं म्हणून. तिचा उजवा कान दाबून धरला, मागून हलकेच नाव घेतलं. दोनदा. काही नाही. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं. वळली.
खुलासा लिहिला, दोन वाक्यांचा. गोदावरीच्या कानाचा दोष माझा. हा रकाना मी पुन्हा भरणार नाही. खाली ‘क्षमस्व’ लिहिलं होतं, खोडलं. क्षमा मागायची ती गोदाची, आणि ती कागदावर...
उद्या तिला पहिल्या बाकावर बसवायचं, भिंतीच्या कडेला, उजवा कान माझ्याकडे येईल असं. तिथे मोठ्या बाईंची भाची बसते.
उठवीन.