लॅपटॉपातला तलाव

तीर्थस्वरूप दाजी भगवानराव, मुक्काम बोरी, यांना धाकटा मेहुणा बन्सीधरचा दंडवत. इकडं माणसं ठीक, जनावरं ठीक, इज्जत सोडली तर सगळंच ठीक. मनकर्णाक्काचा गुडघा कसा हाय? (नुसतं तेल चोळून भागत न्हाई, निंदायला उकिडवं बसणं बंद कर म्हणावं. ऐकायची न्हाई, पण म्हणावं.)

माझी लेक, तुमची भाची अर्पिता परभणीला शेतीचं इंजिनिअरिंग शिकायलीय, तिनं लॅपटॉपात आपल्या गावचा पाझर तलाव तयार केला. खोटं वाटेल, पण आत पाऊस पडतो, ऊन तापतं, काठच्या विहिरींवरच्या मोटारी चालतात, आणि पाणी मृगापर्यंत पुरतं का न्हाई ते आधीच कळतं. मागच्या साली चैतातच तळ उघडा पडला आणि येडबा धनगराच्या मेंढरांनी चिखल चाटला, ते तुमी डोळ्यांनी बघितलंय. यंदा तिचा तलाव बघूनच ग्रामसभेत ठरवायचं होतं, उन्हाळी भुईमूग लावायचा का मोटारींना आवर घालायचा.

पण चालवायच्या आधी तपासायचं, असा तिच्या विद्येचा नेम. (आमी आधी चालवतो, मग गॅरेजला नेतो.) तिनं पाऊस बंद करून नुसतं ऊन ठेवलं, तर तलाव भरायलाच लागला! उन्हानं उडालेलं पाणी वजा करायच्या जागी मिळवलं गेलं होतं. मी म्हणलं, राहू दे की माय, हाच तलाव बरा हाय. ती हसली न्हाई, चूक काढली. मग मागच्या सालचा पाऊस आन् मोटारी आत घातल्या. घडून गेलेलं बरोबर दाखवलं न्हाई तर पुढचं काय डोंबल दाखवणार, असं तिचं म्हणणं. आणि बघा, वैशाख सरला तरी तलाव अर्धा भरलेला! येडबा लय वेळ पडद्याकडं बघत बसला. म्हणला, "ताई, ह्यो तलाव कुठशी हाय? मेंढरं तिकडंच नेतो."

पोरीनं एकेक ओळ उलटीपालटी करून बघितली, जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी मोटार किती पाणी ओढते ते मोजायला ड्रम आणि घड्याळ घेऊन आपल्याच विहिरीवर आली. आता दाजी, तुमच्यापासून काय लपवायचं. बिल हॉर्सपॉवरवर यायचं तेव्हापासूनची सवय, बिल कमी यावं म्हणून मोटारीवर पाटी तीनची आणि मोटार साडेसातची. ती माहिती विचारत दारोदार फिरली तेव्हा सगळ्यांनी सवयीनं तीनच सांगितलं. मी बी. बापानं, लेकीला! ड्रम बघता बघता भरून वाहायला लागला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मोटार बंद केली. त्यापरीस भांडली असती तर बरं वाटलं असतं.

सव्वीस जानेवारीला सभा भरली. तलाव मागचं साल बरोबर दाखवत न्हाई, म्हणून चालवणार न्हाई, एवढंच ती बोलली. चूक कशात ते सांगेना. सांगितलं तर पहिलं नाव बापाचं. सरपंच योगीराज (त्याची बी साडेसातचीच) मिशीत हसला, "पोरीचं गणित, चुकायचंच." तिची मान खाली गेली. दाजी, ते मला बघवलं न्हाई. उठलो आणि म्हणलं, गणित तिचं बरोबर हाय, खोटा मी हाय, माझी साडेसातची. तेवढ्यात येडबाची कारभारीण केवळाबाई मागून कडाडली, "आता बाकीच्यांनी बी उठा की! का मेंढरांनी सांगावं?" मग एकेक जण उठला. योगीराज सगळ्यात शेवटी.

खरे आकडे घातल्यावर मागच्या सालचा तलाव बरोबर चैतातच आटला. मग यंदाचं चालवलं: हायेत त्या मोटारींवर पाणी चैतापर्यंत, पाटीवरच्या तीनवर थेट मृगापर्यंत. ठराव झाला, पाटीवर लिवलंय तेच ज्यानं त्यानं चालवायचं. घरी आल्यावर अर्पिता म्हणली, चहा घेता का बाबा. माझा जीव भांड्यात पडला.

अक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. कमीजास्त लिवलं असेल तर पोटात घाला.

तुमचा,
बन्सीधर

ता. क. : ठरावाला गाव एका पायावर तयार हाय. अडचण एवढीच, की खरीखुरी तीनची मोटार अख्ख्या गावात एकाकडं बी निघाली न्हाई. तुमची तीनची हाय असं तुमी दर दिवाळीला छातीवर हात ठेवून सांगता. उन्हाळ्यापुरती द्या. पाटी नसली तरी चालेल, ती माझ्याकडं हाय.

आणखी एक : न्यायला अर्पिता येतेय. संगं ड्रम आणि घड्याळ हाय.