जावळाचा डोंगर

६ मार्च १९५८, खुर्सीपार

लपवलं! लस टोचणारा आज आमच्या ओळीत आला आणि माय सुगतला पदराखाली घेऊन नाल्याकडे निघून गेली. भैयालाल कंपाऊंडर दारात उभा राहून विचारतो, घरात लहान मूल आहे म्हणे? तर माझी बायको रुक्मा खाली मान घालून सांगते, गावाला गेलंय. नऊ महिन्यांचं मूल एकटंच गावाला गेलं!

हे मला संध्याकाळी शेजारणीनं सांगितलं, तेही हसत हसत. मला हसू आलं नाही. पलीकडच्या ओळीत दोन घरी देवी निघाल्या आहेत. एक पोर तर सुगतपेक्षा थोडंच मोठं.

८ मार्च

मायशी भांडलो. म्हणते, काही झालं तरी पोराला लोखंड लावू देणार नाही. का, ते सांगत नाही. मी आवाज चढवला तेव्हा तिनं थोरलीचं नाव काढलं.

"पोरगी तूच टोचून आणली होती ना? चवथ्या दिवशी गेली. इसरला काय तू?"

विसरलो नाही. दोन वर्षं झाली, एक दिवस विसरलो नाही. पोरगी तापानं गेली, टोचल्यानं नाही — डॉक्टरांनी मला समजावलं, मी घरात समजावलं. पण रुक्माच्या मनातून ते काही जात नाही.  आज ती उठली, सुगतला उचललं आणि मायच्या बाजूला जाऊन बसली.

म्हणजे घरात मी एकीकडे आणि दोघी एकीकडे. पोराला जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं तर माय त्याला घेऊन गोंदियाची गाडी पकडेल, मी तिला ओळखतो. मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, भट्टीच्या पायावर काँक्रीट गँगचा मेट. चाळीस माणसं माझ्या शिट्टीवर चालतात! घरात मांजर ऐकत नाही.

११ मार्च

पलीकडच्या ओळीत तिसरं घर. पाण्याला तिकडच्या नळावर जाऊ नका म्हणून बजावलं.

१४ मार्च

कळलं. रुक्माकडूनच काढून घेतलं.

सुगत पोटात होता तेव्हा माय भाचीच्या लग्नाला म्हणून गेली होती. ती मधल्याच एका छोट्या स्टेशनावर उतरली, तिथून बंजारी देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी गेली आणि नवस बोलून आली — हे लेकरू जगू दे, याचं जावळ तुझ्या दारात काढीन, आणि तोवर याच्या अंगाला लोखंड लागू देणार नाही. कात्री नाही, वस्तरा नाही, सुई नाही. म्हणून ती त्याची नखं दातांनी कुरतडते! मी समजत होतो लाड चाललेत.

नागपूरला दीक्षेच्या दिवशी ही बाई पांढरं लुगडं नेसून माझ्या शेजारी उभी होती. बावीसच्या बावीस प्रतिज्ञा माझ्याहून मोठ्यानं म्हणाली. मी ते सगळं काढलं. देवी-देवता मानणार नाही असं तू म्हटलं की नाही? म्हणे, म्हटलं. मग हे काय?

"बुद्ध भगवान काई मांगत नाई, बापू. बंजारी मांगते. मांगणाऱ्याचं देऊन टाकाव, मंग आपन मोकळे."

 तरी मी बोललो, बरंच बोललो. भाकर न खाता कामावर गेलो. दुपारी भूक लागली तेव्हा पस्तावलो.

१७ मार्च

कवडूला सांगितलं. आम्ही एकाच दिवशी दीक्षा घेतली, एकाच ठेकेदाराकडे लागलो, त्याच्यापासून लपवून काय उपयोग. म्हणाला, डोंगरावर गेलास तर जयंतीच्या दिवशी आमच्यात उभा राहू नको. हसत म्हणाला, पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्याचं खरं आहे. माझंही तेच म्हणणं आहे. पण त्याला मूलबाळ नाही.

२१ मार्च

पलीकडच्या ओळीतलं ते पोर गेलं. सकाळी कामावर निघालो तेव्हा बाप हातावर काहीतरी झाकून घेऊन चालला होता. मागे चार माणसं. कोणी रडत नव्हतं.

कामावर लक्ष लागेना. मिक्सर चालू आणि मी भलतीकडेच बघतोय. रशियन साहेबानं खांद्याला धरून हलवलं.

घरी आल्या आल्या मायसमोर बसलो. म्हटलं, ठीक. डोंगर चढतो. तुझं जावळ तुझ्या देवीला दे. पण दुसऱ्या दिवशी भैयालाल आला की पोरगं माझ्या मांडीवर, आणि तू मधे पडायचं नाही. तिनं सुगतच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं. इतक्या चटकन म्हटलं की मलाच कसंसं झालं.

रुक्मा भिंतीकडे तोंड करून रडली. बरं वाटून रडली की भिऊन, विचारलं नाही.

पण सुट्टी तीस तारखेच्या आधी नाही! ओतकाम सुरू झालं की थांबवता येत नाही. तोवर पोराला दाराबाहेर काढायचं नाही एवढंच आपल्या हातात.

२५ मार्च

रोज घरी आल्यावर आधी सुगतचं कपाळ पाहतो. गार आहे.

३० मार्च

आत्ताच आलो. पाय भरून आलेत, पण आजचं आजच लिहितो.

पहाटेच्या पॅसेंजरनं गेलो. स्टेशनापासून बैलगाडी. चैत्रातलं नवरात्र संपलं तरी माणसं मुंग्यांसारखी लागलेली. डोंगर खालून पाहिला की छाती दडपते — काळे कातळ एकावर एक, आणि टोकावर देऊळ, इतकं जुनं की कोणी बांधलं ते कोणालाच ठाऊक नाही. पायऱ्या कुठं आहेत, कुठं नुसता खडक. ऊन चढत होतं. वर जाणारे ओरडत होते, गात होते. खाली येणारे मात्र गप्प. पायऱ्यांच्या कडेला कितीतरी बायका झाकलेली मुलं घेऊन बसल्या होत्या. मी ते पाहिलं आणि रुक्माला म्हटलं, सुगतचं तोंड पदराखाली घे, कुठं टेकायचं नाही.

पायथ्यालगतची पहिली कमान आली तशी माय थांबली. मला वाटलं दम लागला. म्हणाली, आमची हद्द इथवर. तिचा बाप इथं उभा राहायचा, नारळ दुसऱ्याच्या हाती वर द्यायचा. नवसही ती इथूनच बोलली होती. जन्मभर हा डोंगर तिनं खालूनच पाहिलेला! मी आजवर कधी विचारलंच नव्हतं. हात धरला आणि तिला कमानीच्या आत घेतलं. वर एकानं विचारलं, कुठून आलात? भिलाई म्हटलं. सध्या भिलाई म्हटलं की कोणी पुढे जात विचारत नाही.

शेवटच्या उभ्या चढावर रंभा दिसली. माझ्याच गँगमधली रेजा, डोक्यावर घमेली वाहते. तीन आठवडे कामावर नाही म्हणून मी तिच्या नावानं बोटं मोडत होतो. खांद्यावर पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं पोर. फडकं सरकलं होतं. पोराच्या तोंडावर सगळ्या खपल्या.

"माता आय रिहिस, बाबू," ती म्हणाली. "अब उतर गे हे."

देवी उतरल्या म्हणून पाया पडायला आणलं होतं! मी सुगतला रुक्माच्या हातातून ओढून घेतलं आणि त्या गर्दीतून जो वर निघालो तो देवळाच्या ओट्यावरच थांबलो. रुक्मा मागोमाग आली. माय नाही. वाकून पाहिलं तर रंभा खडकाला टेकून डोळे मिटून बसलेली, आणि माझी माय तिचं पोर छातीशी धरून एकेक पायरी चढतेय.

ओरडलो. तिनं ऐकलं, पण पोर खाली ठेवलं नाही. मागून रंभा आली तेव्हाच तिच्या हातात दिलं. मी खूप बोललो. सगळ्यांसमोर बोललो. ती एवढंच म्हणाली, "घेरी आली होती तिले. लेकरू घेऊन पडली असती."

मी टाक्याचं पाणी आणून तिचे हात कोपरापर्यंत धुवायला लावले. सुगतला आता घरी जाऊन लुगडं बदलेपर्यंत शिवायचं नाही म्हटलं. निमूटपणे ऐकलं.

त्यामुळे जावळाच्या वेळी सुगत माझ्याच मांडीवर. वस्तरा मी घरून नेला होता, उकळून. न्हाव्याला राग आला, पण मी हटलो नाही. पोरगं रडलं, पहिला केस पडला, आणि मायनं लांबूनच हात जोडले. मी जोडले नाहीत. देवीकडे पाठ करून उभा राहिलो.

म्हणून डोंगर दिसले. खोटं कशाला लिहू, असं मी कधी पाहिलं नव्हतं. एकामागे एक निळ्या रांगा, पार गोंदियाच्या अंगापर्यंत. खाली पळस पेटलेला, तळ्यात अर्धं आभाळ, आणि मधून आपली रेल्वे लाईन. वारा होता. माय माझ्यापासून हातभर अंतर ठेवून उभी राहिली. "एवढं दिसते काय इथून?" म्हणाली. किती वेळ हलली नाही. मला तिचा राग आला होता तो तिथं टिकला नाही.  घारी आमच्या पायांखाली फिरत होत्या आणि वारा पडला की खालून पोरांचं रडणं तेवढं वर यायचं.

येताना गाडीत माय दाराशी वेगळी बसली. सुगत तिच्याकडे झेपावत होता. तिनं तोंड फिरवलं.

३१ मार्च

टोचलं! भैयालालला मीच बोलावून आणलं. मायनं शब्द पाळला. आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून स्वतः सुगतचं डोकं धरून बसली. सुई लागली तसं त्याच्याआधी तिनंच स्स केलं. रुक्मा दाराबाहेर उभी होती, कान झाकून.

भैयालालला डोंगरावरचं सांगितलं. म्हणाला, लगेच टोचलंत हे बरं केलं, आता फोड येतो का बघा. आला तर भिऊ नका, न आला तर मला कळवा.

३ एप्रिल

काही नाही. चवथा दिवस आहे. रुक्मा माझ्याकडे पाहत नाही आणि मी तिच्याकडे.

६ एप्रिल

फोड आला! चांगला टपोरा, मधे खळगा पडलेला. भैयालालनं पाहिलं आणि मान डोलावली — लस लागली. याला आता देवी येत नाहीत. पोरगं एक रात्र कणकणलं आणि सकाळी थाळी वाजवत बसलं. रुक्मानं दोन वर्षांत पहिल्यांदा शेवया केल्या. मी मायला चिडवलं, तुझ्या बंजारीनं केलं की माझ्या भैयालालनं? म्हणाली, दोघायनं वाटून घ्याव. बोडक्या डोक्याच्या नातवाला ती आता कडेवरून खाली ठेवत नाही.

कवडूला भेटून सगळं सांगून टाकलं.  त्यानं ऐकून घेतलं आणि चहा पाजला.

११ एप्रिल

माय परवापासून पडून आहे. ताप आहे, कंबर धरलीय, डोकं फुटतं म्हणते. ऊन लागलं असणार, त्यात तो डोंगर! या वयात झेपतं का? रुक्मानं कैरी उकडून पन्हं केलं. उकाडा होतो म्हणून मायनं खाट बाहेर पडवीत काढायला लावली. सुगतला जवळ घेत नाही, हात लावला की कुशीवर वळते. हट्टी आहे, आजारीपणातही हट्टच.

१४ एप्रिल

मायच्या कपाळावर, मनगटांवर दाणे उठले. भैयालालनं तिच्या चोळीची बाही वर सारली. एक दंड पाहिला, मग दुसरा. टोचल्याची खूण नाही. तिला कधी कोणी टोचलंच नव्हतं.

सुगतला टोचलं त्या दिवशी ती भैयालालच्या उघड्या पेटीसमोरच बसली होती. हिलाही टोचा, एवढं म्हणायला मला कितीसा वेळ लागला असता?