फाटक नसलेली बाग

आबा, तुम्हाला न विचारता मी तुमच्या रीतीच्या नावावर गूळ मागितला आणि त्या गुळाची सांगलीत बाग केली. बाग म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाची लहानशी जागा. थोडी झाडं, मेंदीचं कुंपण, बसायला दगडी बाक आणि एक नळ. लढाईमुळं लोखंड मिळत नाही म्हणून फाटक नाही, असं येणारे जाणारे म्हणतात. ते खरं नाही. फाटक फुकट मिळत होतं, मीच घेतलं नाही.

बी. ए. झाल्यावर मी इथं मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. गल्लीच्या टोकाला तेव्हा उकिरडा होता. तुम्ही साफ करा, कुंपण आणि झाडं तुम्ही लावा, जागा आणि नळ आम्ही देतो, असं नगरपालिका म्हणाली. ज्यांच्या अडतीवर तुमचा गूळ उतरायचा, त्या अडत्यांनी मला पेढीवर बोलावलं. "सगळा खर्च माझा," ते म्हणाले. "भिंत, लोखंडी फाटक, माळीसुद्धा. फक्त नाल्यापलीकडच्या वस्तीतली पोरं आत येता कामा नयेत. एकाच नळाला सगळ्यांचे हात लागणार, ते कसं चालेल?" मग त्यांचा आवाज मऊ झाला. "पोरी, तुझा बाप शहाणा माणूस. तो असता तर हेच म्हणाला असता." आबा, ते खोटं बोलत नव्हते. "म्हणूनच नको," असं म्हणून मी उठले.

कारण मला आपलं गुऱ्हाळ दिसत होतं. रसाची काहील उकळते आहे, खाली चुलवाणात उसाची चिपाडं धडधडताहेत, तुम्ही येईल त्याला रस देताय. गुऱ्हाळावरनं कुणी रिकाम्या हातानं जायचं नाही, ही तुमची रीत. गावाबाहेरच्या वस्तीतली माणसंही रिकामी जात नाहीत, पण ती लांब बसतात, ओंजळ पुढं करतात आणि तुम्ही वरून ओतता. माझ्याएवढी एक मुलगी आली आहे. तिची ओंजळ लहान, रस सगळा खाली सांडतोय. माझ्या हातात माझा पितळी पेला आहे. मला शाळेत घातलंत त्या दिवशी रहिमतपूरच्या बाजारातून तुम्हीच आणलेला. शाळेला जाणाऱ्या पोरीला आपला पेला पाहिजे, म्हणाला होतात. तो भरून मी तिच्या हातात देते. ती गटागटा पिते आणि हसते. तुम्ही येता, पेला हिसकावता आणि चुलवाणातल्या निखाऱ्यात टाकता. "साळंत घातली म्हंजी रीत सोडायची न्हाई, कळलं?" विस्तवातून निघाला की पेला तुमच्या लेखी शुद्ध झाला. ती मुलगी मात्र ओल्या हनुवटीनं तशीच उभी होती. पेल्याच्या काठावरचा काळा डाग चिंचेनं घासूनही गेला नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी मॅट्रिकलाही बसले नव्हते. हे तुमच्याशी बोलायचं राहूनच गेलं.

अडत्यांना नाही म्हटलं त्याच हंगामात मी गावी गेले आणि आधी आपल्याच गुऱ्हाळावर उभी राहिले. तुमच्यामागं गुऱ्हाळ सांभाळणारे तात्या काका डाफरले, "बी. ए. झालीस आन झोळी घिऊन फिरतीस? लोक काय म्हनतील?"

"तात्या, गुऱ्हाळावरनं कुणी रिकामं जात न्हाई. आबांची रीत हाय. मोडायची असंल तर सांगा, मी जाती."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि गुळव्याला हाक मारली. "दे रं हिला एक ढेप. बापावर गेलीया."

"बापावर न्हाई," मी म्हणाले.

"मग दोन दे!"

मग मी गुऱ्हाळामागून गुऱ्हाळ धरलं. कशाला म्हणून विचारलं की सांगायची, सांगलीत बाग करायची हाय, सगळ्यांची. "सगळ्यांची म्हंजी?" "सगळ्यांची म्हंजी सगळ्यांची." एकानं हे ऐकून माझ्या बैलगाडीत ठेवलेली ढेप परत उचलून नेली. बाकीच्यांनी कुरकुरत का होईना, दिली. गूळ मी मुद्दाम त्याच अडत्यांकडं उतरवला. त्यांनी भाव चांगला मिळवून दिला, अडतीची दलाली मात्र सोडली नाही. मीही सोडा म्हणाले नाही. त्या पैशातून कुंपण, झाडं आणि बाक झाले.

आज बागेतल्या नळाला साखळीनं बांधलेला तुम्ही आणलेला तोच पितळी पेला आहे. नाल्यापलीकडची आणि अलीकडची पोरं त्यासाठी ढकलाढकली करतात. "ए, माझा नंबर हाय!" "मघाशी प्यालास की रं!" मी बाकावर बसून बघते आणि मनात तुम्हाला म्हणते, बघा आबा. एकाच पेल्याला सगळ्यांचे ओठ लागताहेत आणि इथं चुलवाण नाही. रीत तुमचीच आहे, कुणी रिकामं जात नाही. फक्त वरून ओतणं तेवढं मी काढून टाकलं. तुम्हाला राग आला तर येऊ दे. पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन.

पेला तिथं का बांधलास, असं आईनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, आबांना दाखवायला.  हे पत्र कुणाला पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. संध्याकाळी पोरं गेली की मी तो पेला चिंचेनं घासते. हलक्या हातानं, काठावरचा डाग जाऊ नये इतपतच. तुमच्या हातचं माझ्याकडं तेवढंच उरलंय.