वडील हयात

॥ श्री ॥
मंगला गौरी, वाराणसी
दि. २ डिसेंबर १९६२

ती. सौ. प्रमोदिनीआत्यास,
कालिंदीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आतोबांच्या सहीचे पत्र शनिवारी मिळाले. ग्वाल्हेरचा कन्यानिधी केवळ पितृहीन मुलींसाठी आहे. माझे वडील हयात असून घरी राहतात, असे ‘विश्वसनीय सूत्रांकडून’ समजल्यामुळे परिचारिका शिक्षणासाठी मिळणारी माझी मदत दुसऱ्या वर्षापासून बंद होत आहे, असे चिटणीस या नात्याने ते कळवतात. हे सूत्र कोणते, ते ओळखण्यासाठी मॅट्रिकला पहिले येण्याची गरज नाही. ‘दादा घरी परतला म्हणून शिरा केला’ असे आपल्याच कार्डात होते. शिऱ्याबरोबर बातमीही वाढली गेली असावी.

आतोबांचे काही चुकले नाही. तीन वर्षांपूर्वी वडिलांनी संन्यास घेताना पंचगंगा घाटावर मुंडन केले, जानवे गंगेत सोडले आणि स्वतःच्या हाताने स्वतःचेच पिंड घातले, तेव्हा मी दहा पावलांवर उभी होते. शास्त्राप्रमाणे ते आम्हाला त्या दिवशी मेले. शेजारणींना मात्र आईला हळदीकुंकवाला बोलवावे की नाही, असा पेच पडला आणि न बोलावून त्यांनी तो सोडवला. आईने बाहेरची खोली यात्रेकरूंना देऊन घर चालवले. निधीनेही वडिलांना मृत मानले, म्हणून मी शिकू शकले.

दिवाळीनंतर स्वामीजी (वडिलांना असेच संबोधावे, अशी त्यांची आज्ञा आहे) गुडघे धरल्याचे सांगून मठातून घरी आले. बाहेरच्या खोलीत आता त्यांचे आसन आहे. बोलण्याने ध्यान मोडते म्हणून यात्रेकरू बंद झाले. वैराग्य एवढे की पैशाला शिवत नाहीत. पण पोळीवर तूप कमी पडले तर तेवढे मात्र डोळे मिटूनही कळते.

पंधरा जानेवारीपर्यंत एकशे ऐंशी रुपये भरले नाहीत तर माझे नाव पटावरून निघेल. वडील पूर्वी पाठशाळेत शिकवत, तिथे पुन्हा जातील का, हे तोंडाने विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. सुट्टीच्या दिवशी मी वसतिगृहातून घरी आले, तेव्हा पाटाशेजारी चिठ्ठी ठेवली. संन्याशाला नोकरी निषिद्ध आहे आणि मुलीनेही शिक्षणाचा मोह आवरावा, असे त्यांनी आईकरवी कळवले. दुपारी वांग्याचे भरीत होते. त्याचा मोह आवरला गेला नाही.

आतोबांस नमस्कार. आपला लोभ शिल्लक असेल तेवढा राहू द्यावा.

आपली भाची,
कालिंदी

॥ श्री ॥
लष्कर, ग्वाल्हेर
दि. ११ डिसेंबर १९६२

चि. कालिंदीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तुझी ती लेखणी आहे की सांडशी? पत्र वाचून दिवसभर जेवण गेले नाही. हो बाई, मीच सांगितले ह्यांना. भाऊ घरी आला, ते नवऱ्याला सांगायचे नाही तर काय भिंतीला? त्यातून तुझे पैसे बंद होतील, हे माझ्या ध्यानात आले असते तर जीभ चावली असती. ह्यांना खूप विनवले. ते म्हणतात, नियम तो नियम. दादा मठात परत गेला आणि मठाचा तसा दाखला आला, तर निधी पुन्हा सुरू करता येईल.

पण त्याला परत जा म्हणून कोण सांगणार? तो लहानपणापासूनच नाजूक. आमटीला फोडणी कमी पडली तरी ताटावरून उठायचा. अशाला का मठातली थंडी सोसवते? वडील आहेत ग तुझे, चार घास जेवले तर मोजू नकोस.

आणि रागावणार नसलीस तर सांगते. परक्यांच्या घाणीची भांडी उपसण्याचे शिक्षण घ्यायचे, त्यासाठी एवढी धडपड कशाला? झाशीला रेल्वेत प्रल्हाद नावाचा मुलगा आहे, बुजरा आहे अगदी तुझ्यासारखा. दोघे मिळून वर्षातून चार वाक्ये बोलाल. हुंडा मागत नाहीत.

माझ्या जवळचे वीस रुपये मनीऑर्डरने पाठवते आहे. ह्यांना ठाऊक नाही. वहिनीला सांभाळ, आणि म्हाताऱ्या आत्यावर फार दिवस रुसून राहू नकोस.

तुझी,
प्रमोदिनीआत्या

॥ श्री ॥
वाराणसी
दि. १९ जानेवारी १९६३

ती. सौ. आत्यास,
कालिंदीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

वीस रुपये पोचले. ते मनापासून घेतले. श्री. प्रल्हाद यांस माझ्या शुभेच्छा कळवाव्यात. चारही वाक्ये त्यांनी दुसऱ्या कुणाशी बोलावीत. भांड्यांविषयी एवढेच लिहिते, की ती ज्यांची उपसावी लागतात त्यांत शास्त्री, सावकार, चिटणीस सगळेच असतात आणि त्या वेळी कुणीही आमच्या शिक्षणाला हसत नाही.

आपले पत्र आईने माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. मग डोक्यावरून पदर घेऊन ती गल्लीतल्या शास्त्रीबुवांकडे गेली आणि यतीशी गृहिणीने कसे वागावे, एवढेच विचारून आली. दारी आला तर नमस्कार करून भिक्षा घालावी, घरात मात्र ठेवून घेऊ नये, असे उत्तर मिळाले.

संक्रांतीच्या आठ दिवस आधीची गोष्ट. वडील स्नानाहून परतले, तो बाहेरच्या खोलीत साताऱ्याची दोन जोडपी वळकट्या सोडत होती. दंड, कमंडलू, झोळी आणि घडी घातलेली भगवी वस्त्रे दारातल्या पायरीवर ठेवलेली होती. आत पाट मांडलेला नव्हता. आई उंबऱ्यात भिक्षेचे ताट घेऊन उभी होती. तिने ‘ॐ नमो नारायणाय’ म्हणून नमस्कार केला.

तेव्हा वडील म्हणाले, की ते तिचे पती आहेत. तीन वर्षांत प्रथमच त्यांना हे आठवले. आई म्हणाली, की तिच्या पतीचे पिंड तिने डोळ्यांनी पाहिले आहेत. तरीही ते स्वतः तसे म्हणत असतील तर ती नाही म्हणणार नाही. आतल्या दांडीवर धोतर आहे. ते नेसावे, उद्या पाठशाळेत जाऊन नोकरी मागावी आणि मुलीची फी भरावी. पाट आत्ता मांडते.

साताऱ्याच्या बायका वळकट्या सोडायच्या थांबल्या. ताटातली वाफ विरेपर्यंत वडील विचार करत होते. मला त्या अवधीत, खोटे कशाला सांगू, आशा वाटली. मग त्यांनी झोळी पुढे केली.

ते त्याच दिवशी मठात गेले. आतोबांना हवा तो दाखला आता सहज मिळेल. मी तो मागवणार नाही. निधीच्या सोयीने वडिलांना मारणे आणि जिवंत करणे मला जमणारे नाही, ते कौशल्य त्यांनी आपल्याजवळच ठेवावे. मेट्रनबाईंनी फी दोन हप्त्यांत घेण्याचे मान्य केले. पहिला हप्ता संक्रांतीच्या यात्रेकरूंनी आणि आपल्या वीस रुपयांनी चौदा तारखेला भरला. दुसरा आई शिवरात्रीच्या गर्दीवर भरवील.

गेल्या गुरुवारी स्वामीजी आमच्या इस्पितळात रांगेत बसले होते. गुडघे खरोखरच सुजलेले होते. तेवढी चौकशी मी आधी करायला हवी होती. शिकवल्याप्रमाणे वीस मिनिटे शेकले. त्यांनी ओळख दाखवली नाही, मीही दाखवली नाही. पाणी फार गरम आहे, अशी तक्रार मात्र त्यांनी मेट्रनबाईंकडे केली. मी पाण्यात थर्मामीटर घालून पाहिला. नव्हते.

आतोबांस नमस्कार सांगावा. आपण या घरावर लोभ करता तो असाच करत जावा. फक्त त्याची वर्दी निधीला देऊ नये, ही विनंती.

आपली,
कालिंदी