आपल्या पेटीचा पंचम

तीर्थरूप बाबा,
दुरूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. कारखान्यात सध्या काम जरा कमी आहे, पण काळजी नको. त्या वेळात इथल्या एका वर्गात सिंथेसायझर शिकतोय. चाल मी बसवत नाही. कोणत्या सुरामागून कोणता सूर यावा, एवढे नियम त्यातल्या सिक्वेन्सरला, म्हणजे सूर ओळीने वाजवणाऱ्या यंत्राला, घालून द्यायचे. मग तो आपल्या मनाने वाजवत राहतो, दर वेळी नवं. आई म्हणेल, तुझ्यासारखाच दिसतोय. मी नुसता ऐकत बसतो, पायरीवर बसून तुमची पेटी ऐकायचो तसा.

परवा मास्तरांनी विचारलं, "तुझं यंत्र पंचमापाशी अडखळतं का?"

"पंचम जरा उशिराच येतो ना?" मी म्हटलं. सगळा वर्ग हसला.

मग आठवलं. आपल्या पेटीची पंचमाची पट्टी अडकायची, तुम्ही ती नखाने उचलून पुढे जायचात. मी त्या अडखळण्यालाच गाणं समजत आलो आणि यंत्रालाही तेच शिकवून बसलो. मास्तर म्हणाले, "राहू दे, बरं वाटतंय."

ताई म्हणते, डावा हात भात्याला साथ देत नाही म्हणून तुम्ही पेटी कुणाला तरी देऊन टाकताय. हात रोज चोळून घेता ना? दुखतो किती, ते ती सांगत नाही.

पेटी एवढ्यात देऊ नका. मी सुट्टी मागितली आहे. उजवा हात तर चालतोय तुमचा. भाता मी मारीन, तुम्ही वाजवा.

तुमचा,
धाकटा