पानावरचा निळा डाग

वाल्डॉर्फ (जर्मनी), ११ जून २००७

शिरीषला जाऊन आज तीन महिने. तरी त्याने ठरवलेली सहल होणार! निफाडहून बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा फोन – "तिकिटं त्यानंच काढलीत. वाया कशाला घालवायची?" बाबा धरून पाच द्राक्षबागायतदार येणार. त्यांना इथली सेंद्रिय बाग दाखवायची. दुभाषी मी! चार माणसांत तोंड न उघडणारी.

चार वर्षं तो बाबांच्या मागे लागला होता – रासायनिक औषधं सोडा, निदान एक एकर तरी. बाबा ऐकून घ्यायचे आणि फवारणीला जायचे.

१४ जून

आले. बाबांनी शिरीषच्या फोटोकडे एकदाच पाहिलं.

१५ जून

जेवताना बाबांच्या सोबतचे विष्णूकाका म्हणाले, "यांना सरकार पैसे देतं, म्हणून हे नखरे. आमची बाग गेली तर कोण विचारतं?"

बाबा – "शिऱ्या सांगायचा, इथं एक थेंबही मारत नाहीत. एवढ्या पावसात! गप्पा नुसत्या."

मी भात वाढला. बोलायला हवं होतं.

१६ जून, शनिवार



बेंडरसाहेबांची सेंद्रिय बाग इथून अर्ध्या तासावर. पहिला तासभर आमची मंडळी हात मागे बांधून, देवळात आल्यासारखी हिंडली. एक प्रश्न नाही! मग बाबांनी एक पान उलटं केलं. "हा निळा डाग कसला? विचार त्याला."

विचारलं. "या, या, कुप्फर!" हो, हो, तांबं. म्हणजे मोरचूद. पाऊस लागला, डावणीची बुरशी आली की मारावंच लागतं; सेंद्रियातही ते चालतं, पण ठरलेल्या मापात. भुरी रोगाला गंधक. बाकी काही नाही.

पाचही जण माझ्या तोंडाकडे बघत होते. शिरीषला हे माहीतच नसणार – कॉम्प्युटरवाला माणूस! 'खताचं पाणी' म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? तो गेल्यावर, त्याच्या वडिलांसमोर, मीच त्याला खोटं पाडायचं?

"मोरचूद आहे," म्हटलं. "फवारतात हे. शिरीषचं चुकलं होतं."

 मग विष्णूकाका हसतच सुटले. "घ्या! हे तर आपलं मोरचूद-चुन्याचं बोर्डो! म्हणजे याच्याही बागेत डावणी येते!"

आणि बाबा – "मला वाटायचं, इथं रोगच नाही म्हणून यांना जमतं. अगं, हे आधी कळलं असतं तर मी भांडलोच नसतो त्याच्याशी!"

मग काय! किती मारतो, किती वेळा, गवत का ठेवलंय. विष्णूकाका गुडघे टेकून माती उकरतायत, पँटची पर्वा नाही. "औषधं सोडली त्या पहिल्या वर्षी माल किती घटला?" – तिसरा हिस्सा गेला, वडील वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत, असं बेंडरसाहेब म्हणाले. मी जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी वेलीचं खोड हाताने चाचपलं.

"जम बसेपर्यंत तीन वर्षं रोज बागेत उभं राहणारं माणूस लागेल," ते शेवटी म्हणाले. "मी बहात्तरचा. बघू. पण करायचं. एक नाही, दोन एकर!"

"मग माझाही अर्धा एकर धरा," विष्णूकाका.

जिंकला! शिरीष जिंकला! आणि चार तास बोलून माझा घसा बसलाय. माझा!

१९ जून

गेले. विमानतळावर बाबा एवढंच म्हणाले – "चांगलं बोललीस."

२ जुलै

सकाळी घरमालकाला क्युंडिगुंग, म्हणजे सोडत असल्याची नोटीस दिली, दुपारी ऑफिसात. ३० सप्टेंबरला घर आणि नोकरी दोन्ही सुटतील. ऑक्टोबर छाटणीला मी निफाडच्या बागेत असेन. बाबांना आता फोन करते.